उपदेशाची तयारी: उताऱ्यापासून व्यासपीठापर्यंत

शनिवारी रात्री दहा वाजता शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून "उद्या काय सांगायचं?" असा प्रश्न पडत असेल, तर उपदेश तिथेच बिघडलेला असतो. त्या घाईत उपदेशक उताऱ्याचे ऐकत नाही. आपल्या मनात आधीपासून असलेला विचार घेतो आणि तो टांगायला एखादे वचन शोधतो. मंडळीला, म्हणजे चर्चमध्ये जमलेल्या विश्वासणाऱ्यांना, मग देवाच्या वचनाऐवजी उपदेशकाची मते मिळतात, आणि दर रविवारी जवळपास तीच मते मिळतात.

उपदेश म्हणजे काय, हे नहेम्याच्या पुस्तकातल्या एका वचनात (८:८, म्हणजे आठवा अध्याय, आठवे वचन) आले आहे. लेव्यांनी, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या वंशातल्या लोकांनी, नियमशास्त्राचा ग्रंथ स्पष्ट वाचला, त्याचा अर्थ उलगडला, आणि लोकांना तो समजला. वाचणे, उलगडणे आणि समजणे ही तीन कामे झाली तरच उपदेश झाला.

"पवित्र आत्मा ऐन वेळी बोलायला देईल" असे म्हणून तयारी टाळणारे मत्तय १०:१९-२० चा आधार घेतात. त्या वचनांच्या मागेपुढे वाचा. तिथे येशू अशा शिष्यांशी बोलतो आहे ज्यांना पकडून न्यायसभांपुढे आणि सुभेदारांपुढे उभे केले जाणार आहे. ज्याला रविवारची उपासना आठवडाभर आधी माहीत आहे त्याच्यासाठी ते अभय नाही. आत्मा अभ्यासाच्या टेबलावरही तितकेच साहाय्य करतो. प्रार्थना करून बसा, अडलात की थांबून पुन्हा प्रार्थना करा, पण बसा.

वेळेचा अंदाज असा: २५ ते ३० मिनिटांच्या उपदेशासाठी नवख्याने १२ ते १५ तास धरावेत, सरावलेल्याने ८ ते १०. हे तास सोमवार ते शनिवार विभागलेले हवेत. मंगळवारी न सुटलेली गाठ पुष्कळदा गुरुवारी दुसरेच काम करताना सुटते, पण त्यासाठी ती मंगळवारी डोक्यात शिरलेली असावी लागते.

उतारा कुठे सुरू होतो, कुठे संपतो

काही मंडळ्या तीन वर्षांच्या पाठचक्राप्रमाणे चालतात, तिथे उतारा ठरलेलाच असतो. बाकीच्यांनी शक्यतो एक पुस्तक घेऊन क्रमाने पुढे जावे. त्यामुळे दर आठवड्याला निवडीत जाणारा वेळ वाचतो. शिवाय उपदेशक स्वतःहून कधीच निवडणार नाही असे अवघड भागही समोर येतात. विषयावर आधारित उपदेश वर्षातून काही वेळा गरजेचा असतो, पण तेव्हाही दहा वचने गोळा करण्यापेक्षा त्या विषयावरचा एक मुख्य उतारा घेणे चांगले.

कथेचा भाग असेल तर ८ ते २० वचने पुरतात. पत्रांत युक्तिवाद दाट असतो, तिथे ५ ते १० पुष्कळ झाली. लहान स्तोत्र मात्र पूर्ण घ्यावे. शिंप्याने कापड मधूनच फाडू नये तसा उतारा मधून तोडू नये.

लूक १५ मध्ये याची सर्वात दुःखद चूक होते. वाटणी उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाला बाप मेजवानी देतो, त्या दाखल्यावरचे (बोधकथेवरचे) कितीतरी उपदेश २४व्या वचनावर, मेजवानीवर, थांबतात. पण अध्यायाची पहिली दोन वचने सांगतात की हे दाखले कोणाला उद्देशून आहेत: पापी लोकांना येशू जवळ करतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूश्यांना (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना) आणि शास्त्र्यांना. त्यांचे चित्र २५ ते ३२ या वचनांत आहे, घराबाहेर रागावून उभ्या असलेल्या थोरल्या मुलाचे. तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. २४ वर थांबलात, तर ज्याच्यासाठी दाखला सांगितला गेला त्यालाच तुम्ही मोकळे सोडले. आणि रविवारी समोरच्या बाकांवर थोरली मुलेच जास्त असतात.

सुट्या वचनांचे हाल तर विचारू नका. यिर्मया २९:११ मधली भविष्याची आणि आशेची योजना भिंतीवर लावली जाते, पण तिच्या वरचे वचन सत्तर वर्षांचा बंदिवास सांगते. ते पत्र बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिले आहे. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत येण्यापूर्वीच मरणार होते. फिलिप्पैकरांस ४:१३ मध्ये पौल परीक्षेतल्या किंवा धंद्यातल्या यशाविषयी बोलत नाही. ११ आणि १२ या वचनांत तो उपासमार आणि विपुलता दोन्हींत तृप्त राहण्याविषयी लिहितो, आणि तेही बंधनांत असताना. संदर्भासह ही वचने लहान होत नाहीत, उलट दुःखात असलेल्या माणसाला टेकायला खरी भिंत मिळते.

उताऱ्याशी पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी भाष्यग्रंथ उघडू नका. उतारा दहा वेळा वाचा, त्यातले निदान तीन वेळा मोठ्याने. मग वहीत हाताने उतरवून काढा, एका ओळीत एकच वाक्य आणि मध्ये एक ओळ मोकळी. हाताने लिहिताना डोळा जिथे घसरतो तिथे पेन अडते. दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवा आणि ते जिथे वेगळे होतात तिथे खूण करा. त्या खुणेच्या जागी मूळ भाषेत काहीतरी नक्की दडलेले असते.

मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानातला ४:३५-४१ हा भाग घेऊन पाहू. येशू वादळ शांत करतो ती घटना सर्वांना पाठ आहे, म्हणूनच ती नीट कोणी वाचत नाही. संध्याकाळ झाली आहे. "पलीकडे जाऊ" हे येशूनेच म्हटले आहे, म्हणजे शिष्य वादळात सापडले ते आज्ञा मोडून नव्हे, आज्ञा पाळून. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे. शिष्य त्याला वादळ थांबवायला सांगत नाहीत, तुला आमची काळजी नाही का असे विचारतात. आणि तो वाऱ्याला धमकावतो. 'धमकावणे' आणि 'गप्प राहा' हे दोन्ही शब्द मार्कने १:२५ मध्ये अशुद्ध आत्म्याला घालवतानाही वापरले आहेत.

आता ग्रीकमधला एक साधा शब्द पाहा: 'मोठा'. ३७व्या वचनात मोठे वादळ, ३९व्यात मोठी शांतता, ४१व्यात मोठे भय. वादळ शमल्यावर शिष्यांची भीती संपायला हवी होती, पण मार्कने मोठ्या भयाचा उल्लेख तिथे केला आहे. काही अनुवादांत हे तीन 'मोठे' वेगवेगळ्या शब्दांनी झाकले जातात, म्हणून दोन-तीन अनुवाद हवेत.

मराठीतली एक खास गंमतही इथेच भेटते. शिष्य म्हणतात "बुडतो आहोत". आपण बुडतो आहोत की आम्ही? ग्रीक क्रियापदात हा भेद नाही, पण मराठीत सर्वनाम लिहायचे तर अनुवादकाला निवड करावीच लागते. 'आपण' म्हटले तर येशूही बुडणाऱ्यांत आला, 'आम्ही' म्हटले तर तो वेगळा राहिला. व्यासपीठावरून यावर मोठे सिद्धांत उभारू नयेत, पण शिष्यांना तो कोण आहे हे अजून कळलेले नाही, ही गोष्ट या एका शब्दापाशी थांबल्याने मनात पक्की होते.

मग जुन्या कराराकडे, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाकडे, जा. स्तोत्र १०७:२३-३० मध्ये समुद्रावर संकटात सापडलेले लोक परमेश्वराला हाक मारतात आणि तो वादळ शांत करतो. योनाच्या पहिल्या अध्यायातही तारवात झोपलेला माणूस आहे, आणि वादळ थांबल्यावर खलाशांना परमेश्वराचे भय वाटते. ज्याला हे ठाऊक आहे त्याला शिष्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कळते: वारा आणि समुद्र ज्याचे ऐकतात तो कोण?

एवढे झाल्यावर भाष्यग्रंथ उघडा, दोन पुरेत. आधी उघडले तर तुम्ही उताऱ्याचा नव्हे, भाष्यकाराचा उपदेश कराल.

मूळ भाषेच्या शब्दांबाबत एक इशारा. रोमकरांस १:१६ मधल्या 'सामर्थ्य' या शब्दासाठी ग्रीकमध्ये 'दुनामिस' आहे आणि त्यावरून 'डायनामाइट' शब्द आला, म्हणून सुवार्ता हा स्फोट आहे, असे ठासून सांगितले जाते. शब्दाची व्युत्पत्ती खरी आहे, पण डायनामाइट १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने आणले. पौलाच्या मनात ते असणे शक्यच नव्हते. शब्दाचा अर्थ त्याच्या काळातल्या वापरावरून ठरतो, पुढे त्यापासून काय जन्मले त्यावरून नव्हे.

एक वाक्य

बुधवार-गुरुवारपर्यंत संपूर्ण उपदेश एका वाक्यात लिहिता आला पाहिजे, वीसेक शब्दांत. हे जमत नसेल तर पुढे जाऊ नका. सगळ्या कामात सर्वात जास्त घाम इथे गळतो आणि इथेच गळू द्यावा.

"वादळ आणि विश्वास" हे वाक्य नाही, विषय आहे. "येशू आपल्या जीवनातली वादळे शांत करतो" हे वाक्य आहे, पण उताऱ्याचे नाही. उतारा शांततेवर संपत नाही, भयावर आणि प्रश्नावर संपतो. शिवाय बाकावर बसलेल्या ज्या बहिणीचा आजार बरा झालेला नाही तिला हे वाक्य खोटे वाटते, आणि तिचा विश्वासच कमी पडला असा दोष तिच्या माथी येतो. हे वाक्य पाहा: "वारा आणि समुद्र ज्याचे ऐकतात तो प्रभू आपल्या नावेत आहे, म्हणून त्याला ओळखा आणि त्याच्यावर भरवसा ठेवा." यात उतारा काय सांगतो तेही आहे आणि ऐकणाऱ्याने काय करायचे तेही.

कस लावायचा असेल तर विचारा: हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही उताऱ्यावरून सांगता येईल का? येत असेल तर ते अजून सैल आहे.

मांडणी

मुद्दे उताऱ्यातून यावेत. इथे तर मार्कनेच ते दिले आहेत: मोठे वादळ, मोठी शांतता, मोठे भय. तीनच मुद्दे हवेत असा नियम नाही. दोन असतील तर दोन. एकाच अक्षराने सुरू होणारे पाच मुद्दे जुळवण्यात तास घालवू नका, चौथ्या मुद्द्यापाशी तुम्ही उताऱ्यात नसलेले काहीतरी घुसवता.

३० मिनिटांची विभागणी साधारण अशी: प्रस्तावना ३, पहिला मुद्दा ७, दुसरा ६, तिसरा ९, समारोप ५. शेवटच्या मुद्द्याला वेळ जास्त, कारण उताऱ्याचे वजन तिथे आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचे उलटे होते. पहिला मुद्दा पंधरा मिनिटे चालतो आणि शेवटचा, खरा मुद्दा "वेळ झाली आहे" म्हणत दोन मिनिटांत उरकला जातो. टिपणाच्या समासात प्रत्येक मुद्दा किती मिनिटाला सुरू व्हायला हवा ते लिहून ठेवा.

प्रस्तावना सर्वात शेवटी लिहा. तिने एकच काम करायचे: या उताऱ्याची मला गरज का आहे हे ऐकणाऱ्याला जाणवून देणे.

रूपकांच्या मोहापासून दूर राहा. नाव म्हणजे मंडळी, वल्ही म्हणजे प्रार्थना, उशी म्हणजे देवाची शांती, असे सुरू झाले की थांबायला जागा उरत नाही, आणि मंडळीला वाटते की शास्त्र वाचायला गुप्त किल्ली लागते जी फक्त पाळकाकडे आहे. त्यामुळे लोक घरी शास्त्र वाचायचे सोडतात.

'म्हणून' हा शब्द

उपदेशात सर्वात जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे आज्ञा आणि कृपा यांचा क्रम. निर्गम २० मध्ये पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात आहे. दुसऱ्या वचनात देव सांगतो की तुला मिसर देशातून, दास्यातून मी काढले. आधी सुटका, मग नियम. रोमकरांस पत्रात अकरा अध्याय देवाच्या कृपेचे वर्णन झाल्यावर बारावा 'म्हणून' या जोडाने सुरू होतो. इफिसकरांस पत्रातही तीन अध्याय देवाने काय केले यावर आहेत आणि मग 'असे चाला' येते.

हा क्रम उलटला की उपदेश ओझे होतो. "जास्त प्रार्थना करा, जास्त द्या, जास्त क्षमा करा" हे सगळे खरे असूनही माणूस आला त्यापेक्षा थकून घरी जातो. लिहून झाल्यावर मसुद्यात 'पाहिजे', 'करा', 'हवे' हे शब्द लाल पेनाने आणि देवाने ख्रिस्तात काय केले ती वाक्ये निळ्या पेनाने अधोरेखित करा. पान लाल दिसले तर पुन्हा लिहायला बसा.

लागू करताना चार माणसे डोळ्यांसमोर आणा: वर्षानुवर्षे विश्वासात असलेला, पहिल्यांदाच आलेला, नुकतेच कोणीतरी गमावलेला, आणि आईवडिलांनी आणले म्हणून बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा. प्रत्येकासाठी निदान एक वाक्य हवे, आणि ते ठोस. "देवावर भरवसा ठेवा" एवढ्याने काही हलत नाही. "तपासणीचा अहवाल येईपर्यंतच्या चार रात्री झोप लागली नाही, तर शिष्यांसारखेच त्याला उठवा. तुला काळजी नाही का, हेही त्याला विचारा. त्या प्रश्नावर त्याने शिष्यांना नावेतून उतरवले नाही." हे माणूस घरी घेऊन जातो.

दाखले आणि उदाहरणे

एका मुद्द्याला एक उदाहरण, दीड-दोन मिनिटांचे. खिडकी जशी भिंतीत शोभते तसे. नुसत्या खिडक्यांचे घर उभे राहत नाही. लोकांना गोष्ट आठवते पण ती कशासाठी सांगितली ते आठवत नसेल, तर ती गोष्ट काढून टाका, कितीही आवडती असली तरी.

मोबाईलवर फिरणाऱ्या 'सत्यकथा' खात्री केल्याशिवाय सांगू नका. सत्याविषयी बोलणाऱ्याने एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगितली, आणि एखाद्या तरुणाने ती बाकावर बसूनच तपासली, तर पुनरुत्थानाविषयी तुम्ही म्हणालात तेही तो त्याच तराजूत घालतो. समुपदेशनात कोणी विश्वासाने सांगितलेले नाव बदलूनही वापरू नये, लहान मंडळीत माणूस ओळखू येतोच. पत्नी-मुलांची उदाहरणे त्यांना विचारून. दुसऱ्याच्या उपदेशातून घेतले असेल तर तसे सांगा. त्याने कोणाचा मान कमी होत नाही.

कानासाठी मराठी

सुरुवातीची दोन-तीन वर्षे उपदेश पूर्ण लिहून काढा, शब्दन्‌शब्द. मिनिटाला १०० ते १२० शब्द धरले तर ३० मिनिटांना तीन ते साडेतीन हजार शब्द होतात. स्वतःचा वेग घड्याळ लावून मोजा. लिहिलेले वाचून दाखवायचे नसते, पण लिहिताना जिथे अडखळता तिथे विचारच कच्चा असतो, हे शुक्रवारी कळलेले बरे.

मराठीत क्रियापद शेवटी येते. डोळ्याला लांब वाक्य चालते, कान मात्र क्रियापदाची वाट पाहत कर्ता विसरतो. बारा-पंधरा शब्दांवर वाक्य थांबवा. याहून गंभीर म्हणजे मराठीत नकारही शेवटी येतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडायची सवय असते. "देव तुम्हाला सोडणार नाही" यातला 'नाही' माईकमध्ये बुडाला तर शेवटच्या बाकावर नेमके उलटे ऐकू जाते. सराव करताना प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मुद्दाम उचलून म्हणा.

तारण, नीतिमान ठरवणे, प्रायश्चित्त, पवित्रीकरण हे शब्द टाकू नका, पण पहिल्यांदा आला की साध्या भाषेत फोड करा. "नीतिमान ठरवणे, म्हणजे न्यायाधीशाने 'तुझ्यावर आता दोष नाही' असा निकाल देणे." अर्धे वाक्य पुरते.

पापाविषयी बोलताना 'आपण' म्हणा. 'तुम्ही' म्हटले की उपदेशक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. आमंत्रण देताना मात्र 'तुम्ही' हवे, कारण पश्चात्ताप कोणी कोणाच्या वतीने करत नाही.

व्यासपीठावर

टिपण मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला लिहा, पानाच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात. खालच्या ओळी वाचताना मान पूर्ण झुकते आणि लोकांना डोक्याचा शेंडा दिसतो. पानांवर ठळक क्रमांक घाला, कारण पंखा कधी सुरू होईल सांगता येत नाही. मोबाईलवर टिपण असेल तर स्क्रीन आपोआप बंद होणे थांबवा आणि फोन विमान मोडवर ठेवा.

शास्त्रपाठ हा उपदेशाचा भाग आहे, त्याचीही तालीम करा. पुस्तक, अध्याय, वचन या क्रमाने दोनदा सांगा आणि वीस सेकंद थांबा. पाने उलटण्याचा आवाज थांबला की वाचायला लागा. माईक तोंडापासून चार बोटे ते एक वीत, किंचित बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटत नाहीत. पहिली दोन मिनिटे मुद्दाम सावकाश बोला, घाबरलेला माणूस नेहमी वेग वाढवतो. पूर्ण वाक्य एकाच माणसाकडे पाहून म्हणा, मग दुसऱ्याकडे वळा. महत्त्वाच्या वाक्यानंतर तीन सेकंद गप्प राहा. तुम्हाला ते युगासारखे वाटतील, ऐकणाऱ्याला ते श्वासाइतकेच असतात. सगळा वेळ वरच्या पट्टीत बोललात तर जोर द्यायला जागाच उरत नाही, आणि घसाही वीस मिनिटांत बसतो.

आणि वेळ पाळा. त्रोवस या शहरात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलला आणि युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०:९). डोंगरावरचे प्रवचन, मत्तयाचे तीन अध्याय, सावकाश वाचले तरी पंधरा-वीस मिनिटांत होते. अंत्यविधीला ८ ते १० मिनिटेच बोला. मृताचे नाव अचूक उच्चारा, त्याचा निवाडा करू नका, आणि रडणाऱ्यांना "रडू नका" म्हणू नका. मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला.

समारोपात नवा मुद्दा आणू नये. ते एक वाक्य पुन्हा सांगा, ऐकणाऱ्याने काय करायचे ते सांगा आणि प्रार्थना करा. "शेवटी एवढंच सांगतो" हे फक्त एकदा म्हणायची मुभा आहे.

सोमवारी ध्वनिमुद्रण ऐका, निदान पहिली आणि शेवटची पाच मिनिटे. 'म्हणजे', 'तर मग', 'हालेलुया' हे भर घालणारे शब्द किती वेळा आले ते मोजा. मंडळीतल्या दोघांना, एक वडीलधारे आणि एक तरुण, विचारा: "काल मी काय सांगितलं, एका वाक्यात?" दोघांची उत्तरे वेगळी आली तर तुमचे वाक्य पोचलेले नाही. मग एका वहीत तारीख, उतारा, ते वाक्य आणि लागलेली मिनिटे लिहून ठेवा. वर्षाच्या शेवटी ती वही चाळली की शास्त्रातली कोणती पुस्तके आपण वर्षभर उघडलीच नाहीत तेही दिसते, आणि पुढच्या वर्षीची सुरुवात तिथून करता येते.